फोन फुटला, हप्ता शाबूत!

हातातला फोन एक, पण त्याच्यामागं करार चार. फोन पडला की चौघंही म्हणतात, ‘ते आमच्याकडं येत नाही.’ मग भरून द्यायचं कुणी?

माळीवाड्याला एस.टी. थांबते. दारात ही गर्दी. एका हातात सॅक, दुसऱ्या हातात फोन आणि मागून धक्का. पुढचं सांगायला नकोच. फोन पायरीवर, पायरीवरून रस्त्यावर, तोही पालथा. उचलून सरळ करेपर्यंत जीव टांगणीला. काच तडकलेली, स्क्रीनवर उभी हिरवी रेघ आणि त्या रेघेमागं कुणाचा तरी कॉल वाजतोय. उचलता मात्र येत नाही, कारण टच गेलाय.

हा किस्सा तुमचा नसेल तर तुमच्या बेंचवरच्या कुणाचा तरी नक्की असेल.

घरी वाटतं, फोन फुटला म्हणजे पोराचे रील बंद झाले, बरंच झालं. पण विद्यापीठाचा परीक्षा अर्ज फोनवर, हॉल तिकीट फोनवर, महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचा ओटीपी फोनवर, मेसचे पैसे फोनवरून आणि नोट्सही त्याच ग्रुपवर. चार दिवस फोन नसला तर कॉलेज चालू राहतं, आपण मात्र बंद पडतो.

मग सुरू होते फेरी. दुकानदार म्हणतो, सर्व्हिस सेंटरला जा. सर्व्हिस सेंटर म्हणतं, पडून फुटलाय, वॉरंटीत बसत नाही. फोन घेताना ज्यांचं ‘प्रोटेक्शन’ घेतलं, ते म्हणतात, क्लेम टाका, फोटो अपलोड करा. कशानं करायचा? फोन तर फुटलाय. आणि ज्यांनी फोनसाठी कर्ज दिलं ते काहीच म्हणत नाहीत. त्यांचा फक्त मेसेज येतो, ‘हप्त्याची रक्कम खात्यात ठेवा.’ तोही त्याच फुटक्या स्क्रीनवर.

ही टोलवाटोलवी कुणा एकाच्या वाईटपणामुळं होत नाही. आपल्याकडं फोन ज्या पद्धतीनं विकला जातो, त्या पद्धतीतच ती आहे. ती पद्धत एकदा समजून घेतली की काउंटरवर सही करताना हात जरा थांबेल.

तिकडं एक खिडकी, इकडं चार

अमेरिकन सिरीजमध्ये ‘माझं कॉण्ट्रॅक्ट अजून संपलं नाही, नवा फोन कसा घेऊ’ असं कुणीतरी म्हणतं, ते आपल्याला नीट कळत नाही. तिथं बरीच वर्षं फोन विकायची ती मोबाइल सेवा देणारी कंपनीच. दोन वर्षांचा करार करा, फोन स्वस्तात न्या, मधेच सोडून गेलात तर दंड भरा. २०१३मध्ये टी-मोबाइलनं ही कराराची पद्धत सोडली, मग बाकीच्या कंपन्याही हळूहळू हप्त्यांवर आल्या. पण हप्ता, बोलण्याचे पैसे आणि हवा असेल तर विमा, हे बहुतेकदा एकाच कंपनीच्या एकाच बिलात. फोन फुटला तर निदान जायचं कुणाकडं, हे तरी माहीत.

आपल्याकडं असं झालं नाही. २००८च्या ऑगस्टमध्ये आयफोन ३जी भारतात आला, तेव्हा एअरटेल आणि व्होडाफोननं तो विकायला काढला. अमेरिकेत दोन वर्षांच्या करारावर तो १९९ डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दरानं साडेआठ हजारांच्या आसपास मिळायचा. इथं किंमत होती ३१ हजार. फोन तोच, पण इथं करार नव्हता. त्यामुळं अख्खी किंमत आपल्या खिशातून.

कंपन्यांना ग्राहक बांधून ठेवायचे नव्हते असं नाही. त्याआधी २००३च्या पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमनं ‘मान्सून हंगामा’ काढला होता. ५०१ रुपये भरा, फोन घेऊन जा, बाकीचे पैसे महिन्याच्या बिलातून. लोकांनी रांगा लावल्या. पण अनेकांनी फोन नेला आणि बिलं भरलीच नाहीत. थकबाकी वसूल करताना कंपनीच्या नाकी नऊ आले. देशातले नव्वद टक्क्यांहून जास्त ग्राहक प्रीपेडवर. रिचार्ज संपला की नातं संपलं. त्यात २०११मध्ये नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय देशभर झाली. अशा ग्राहकाला दोन वर्षं धरून ठेवायचं तरी कसं?

तरी प्रयत्न झाले. २०१७मध्ये जिओफोन आला. दीड हजार रुपये अनामत, तीन वर्षांनी परत. २०२१मध्ये तर दोन योजना पाठोपाठ आल्या आणि त्या आजही अभ्यासण्यासारख्या आहेत.

पहिली एअरटेलची, ऑक्टोबर २०२१ची. साधारण बारा हजारांपर्यंतचा ठरावीक स्मार्टफोन घ्या, ३६ महिने सलग २४९ रुपयांचा किंवा त्यापुढचा रिचार्ज करा, सहा हजार रुपये परत मिळवा. दोन हजार १८ महिन्यांनी, उरलेले चार हजार ३६ महिन्यांनी. आणि आपल्या विषयाची गोष्ट म्हणजे फोन फुटला तर एकदा स्क्रीन फुकट बदलून मिळणार होती. म्हणजे फुटलेल्या फोनची जबाबदारी सिम कंपनी काही प्रमाणात अंगावर घेत होती.

आता हिशेब करा. पॅक २८ दिवसांचं. ३६ महिन्यांत अशी ३९ पॅक लागतात. २४९ गुणिले ३९, म्हणजे ९,७११ रुपये. सहा हजार परत मिळवण्यासाठी किमान एवढा खर्च, तोही खंड न पडता. शिवाय योजना जाहीर झाल्यावर दोन महिन्यांच्या आत कंपन्यांनी दर वाढवले आणि २४९चं पॅक २९९ला गेलं. तीन वर्षं बांधून घेणाऱ्या माणसाला पुढच्या तीन वर्षांचे दर ठाऊक नसतात. एका बाजूची अट पक्की, दुसऱ्या बाजूचा भाव मोकळा. कोणताही करार वाचताना हीच जागा आधी शोधायची.

दुसरी योजना जिओफोन नेक्स्टची, त्याच वर्षीच्या दिवाळीतली. फोनची किंमत ६,४९९. हप्त्यांवर घेतला तर सुरुवातीला १,९९९ आणि प्रोसेसिंगचे ५०१. मग एका प्लॅनमध्ये महिना ३०० रुपये, २४ महिने. त्यात थोडा डेटा आणि बोलायची मिनिटंही आली. एकूण ९,७००. समजा, आठव्या महिन्यानंतर फोन विहिरीत पडला. १६ हप्ते बाकी, म्हणजे ४,८०० रुपये. फोन तळाशी, हप्ते वर!

दोष एकट्या कंपनीचा नाही, हप्त्यावरच्या प्रत्येक वस्तूचं असंच असतं. हप्ता वस्तूचा नसतो, कर्जाचा असतो. वस्तू गेली म्हणून कर्ज जात नाही. म्हैस दगावली म्हणून सोसायटीचं कर्ज माफ होत नाही, हे आपल्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फोनच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो.

एका फोनचे चार करार

अशा योजना आल्या आणि गेल्या. आपल्याकडं रुळली ती वेगळीच पद्धत. सावेडीतल्या चकचकीत शोरूममध्ये जा नाही तर तालुक्याच्या बाजारपेठेतल्या दुकानात, फोन घेताना तुम्ही एकाच बैठकीत चार करार करता.

पहिला, फोन बनवणाऱ्या कंपनीशी. ही वॉरंटी, साधारण वर्षाची. ती बनावटीतल्या दोषासाठी असते. आपोआप बंद पडला, बॅटरी फुगली तर ती चालते. पडला, भिजला, दुचाकीखाली आला तर नाही. पाण्यापासून संरक्षण आहे अशी जाहिरात असली, तरी पाण्यानं झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत.

दुसरा, कर्ज देणाऱ्या कंपनीशी. दुकानात टॅब घेऊन बसलेला मुलगा असतो ना, तो बहुतेकदा दुकानाचा नसतो, वित्त कंपनीचा असतो. आधार, पॅन, सेल्फी, दोन ओटीपी. दहा मिनिटांत कर्ज मंजूर.

तिसरा, ‘प्रोटेक्शन’ देणाऱ्याशी. हा सगळ्यात फसवा, कारण नावं सारखी आणि माल वेगळा. ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ म्हणजे नुसती वॉरंटीची मुदत वाढली, फुटलेली काच त्यातही बसत नाही. ‘डॅमेज प्रोटेक्शन’मध्ये काच बसते, पण चोरी बहुतेकदा नाही. आणि खरी विमा पॉलिसी असेल तर तिच्यावर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर असतो. तुमच्या हातात यातलं नक्की काय आहे? पावती काढून बघा. अनेकांना पैसे भरल्याचं आठवतं, कशाचे भरले ते आठवत नाही.

चौथा, सिम कंपनीशी. याचा फुटलेल्या फोनशी बहुतेकदा काही संबंध नसतो. पण फोन नसला तरी नंबर जिवंत ठेवायला रिचार्ज मारावाच लागतो.

चार करार, चार कस्टमर केअर नंबर आणि मध्ये उभा एक विद्यार्थी. ज्यानं पैसे घेतले तो दुरुस्त करत नाही, जो दुरुस्त करतो त्यानं वचन दिलेलं नसतं आणि ज्यानं वचन दिलंय तो समोर नसतो.

आपल्या जिल्ह्यात यात अंतराचीही भर. नाव अहिल्यानगर झालं तरी बोलताना आपण ‘नगर’च म्हणतो आणि कामही नगरलाच निघतं. क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा, १४ तालुके. अकोल्याहून नगर शंभर किलोमीटरच्या पुढं. एखाद्या ब्रँडचं अधिकृत सेंटर आपल्या तालुक्यात नसलं, तर एक खेप फोन टाकायला, एक खेप आणायला. तिकीट, बुडालेलं लेक्चर आणि ‘पार्ट आला नाही, पुढच्या आठवड्यात या’. म्हणून बहुतेक जण गावातल्याच दुकानात निम्म्या पैशात काच टाकून घेतात. चूक काय त्यात? चूक नाही, पण अधिकृत सेंटरबाहेर फोन उघडला की कंपनी वॉरंटी नाकारू शकते आणि प्रोटेक्शनचा क्लेमही अडकू शकतो. स्वस्त काच कधी कधी अशी महागात पडते.

‘नो कॉस्ट’ची कॉस्ट

एक उदाहरण घेऊ, आकडे कल्पित. फोन १८ हजारांचा. तीन हजार रोख, १५ हजारांचं कर्ज, दीड हजाराचे दहा हप्ते. व्याज शून्य. प्रोसेसिंगचे ५०० आणि प्रोटेक्शनचे १,२००. रोख घेतला असता तर दुकानदार हजार रुपये कमी करणार होता, हप्त्यावर ती सूट नाही.

व्याज खरंच शून्य? प्रोसेसिंगचे ५०० आणि गेलेली सूट १,०००, म्हणजे दीड हजार रुपये तुम्ही कर्ज वापरण्यासाठीच मोजले. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरून हिशेब केला, तर वर्षाचा दर २३ टक्क्यांच्या पुढं जातो. रिझर्व्ह बँकेनं २०१३च्या सप्टेंबरमध्येच बँकांना बजावलं होतं की, शून्य टक्के व्याज असा प्रकारच अस्तित्वात नसतो. नाव बदललं, गंमत तीच राहिली.

आता चौथ्या महिन्यात फोन फुटला. तीन हप्ते गेले, सात बाकी, म्हणजे १०,५००. समजा, अधिकृत सेंटरनं स्क्रीनचे सहा हजार सांगितले. प्रोटेक्शन नीट असेल आणि वेळेत कळवलं असेल तर काही ठरावीक रक्कम भरून काम होईल. नसेल तर? सहा हजार घालून दुरुस्त करा, नाही तर फोन टाकून देऊन सात महिने हप्ते भरा आणि नव्या फोनसाठी पुन्हा त्याच टॅबवाल्या मुलासमोर बसा. दोन कर्जं, चालू फोन एकच.

इथंच अनेक जण तिसरा मार्ग धरतात. ‘फोनच नाही तर हप्ता कशाचा?’ म्हणून खात्यात पैसे ठेवणं बंद. राग समजण्यासारखा आहे, पण तो कुणावर निघतो बघा. बँकेचा बाउन्स चार्ज, कंपनीचा दंड आणि पतअहवालात नोंद. जानेवारी २०२५मध्ये कर्ज देणाऱ्यांनी ही माहिती दर पंधरा दिवसांनी कळवायचा नियम लागू झाला, म्हणजे चूक लवकर उमटते.

आणि नोंद कुणाच्या नावावर? अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला कर्ज सहज मिळत नाही, म्हणून कागद बहुतेकदा वडिलांच्या नाही तर मोठ्या भावाच्या नावावर. फोन तुमचा, सिबिल पप्पांचं. पीककर्ज देताना बँका सिबिल बघतात ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार. २०२५च्या मे महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना त्यावरून तंबी दिली होती. पण ट्रॅक्टर, घर किंवा बहिणीचं शैक्षणिक कर्ज घ्यायला गेल्यावर तो आकडा निघतोच. दीड हजाराच्या हप्त्यावरून लाखाचं काम अडायला नको.

आता फोनला कुलूप?

याच विषयातली एक मोठी चर्चा २०२५च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली. बातमी अशी की, हप्ता थकला तर कर्ज देणाऱ्या कंपनीला फोन दुरूनच लॉक करू द्यायचा, असा विचार रिझर्व्ह बँक करतेय. फोन देतानाच त्यात एक ॲप टाकायचं, हप्ता चुकला की कुलूप. आदल्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं कंपन्यांना हा प्रकार थांबवायला सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२५मध्ये बँकेनं स्पष्ट केलं की, दोन्ही बाजू तपासणं सुरू आहे.

दोन्ही बाजू खरंच आहेत. कंपन्या म्हणतात, फोनसारख्या छोट्या कर्जाला तारण नसतं. थकबाकी वाढली की आम्ही कर्ज देणं कमी करू, नाही तर महाग करू, आणि त्याचा फटका प्रामाणिक पण कमी पगाराच्या माणसाला बसेल. हे अगदी खोटं नाही. ‘मान्सून हंगामा’चा इतिहास समोर आहे.

पण दुसरी बाजू बघा. टीव्ही बंद केला तर सिरियल जाते. फोन बंद केला तर बँक, ओटीपी, परीक्षा, नोकरीचा कॉल सगळंच जातं. पैसे मिळवायचं साधन बंद करून पैसे मागायचे, हे बैल सोडून नेऊन नांगरणीचा हिशेब मागण्यासारखं आहे.

आणि फुटलेल्या फोनचं काय? समजा, पडलेला फोन तीन आठवडे सर्व्हिस सेंटरमध्ये पडून आहे, प्रोटेक्शन कंपनी क्लेमचा निर्णय देत नाही आणि त्या भांडणात एक हप्ता चुकला. फोन दुरुस्त होऊन हातात आला आणि लॉक! कुलूप लावणाऱ्याला क्लेमचं माहीत नाही, क्लेमवाल्याला कुलपाचं माहीत नाही. हप्ता वसूल करायला चारही करार एकमेकांशी जोडता येतात, तर भरपाई द्यायलाही ते जोडायला काय हरकत आहे? कुलपाचा नियम कधी झालाच, तर क्लेम प्रलंबित असेपर्यंत कुलूप नाही, एवढी ओळ तरी त्यात हवी. आपल्या वयाच्या ग्राहकांनी मागायची गोष्ट ही आहे.

कायदा कुठं बाजूनं आहे?

आहे, आणि आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच आहे.

एक, सही करण्याआधीचा हक्क. १ ऑक्टोबर २०२४पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जांसाठी मुख्य माहितीचं एक ठरावीक पत्रक द्यायचं असतं. कर्जदाराला समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठी मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर लिहायचा. कर्जासोबत कंपनी विम्याचे पैसे वसूल करत असेल, तर तेही त्यात धरायचे. पत्रकात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. आणि आठवडा किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात ती ऑफर किमान तीन कामाचे दिवस खुली ठेवावी लागते. ‘आत्ताच सही करा, नाही तर स्कीम जाईल’ असं कुणी म्हटलं तर हे आठवायचं. दुकानातली सूट जाईल कदाचित, पण कर्जाचा कागद घरी नेऊन वाचायला कुणी अडवू शकत नाही.

दोन, तक्रारीचा हक्क. ‘बिल पप्पांच्या नावावर आहे, मी कशी तक्रार करू?’ असं अनेकांना वाटतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सांगतो की, घेणाऱ्याच्या परवानगीनं वस्तू वापरणाराही ग्राहकच. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. कंपनी गुरुग्रामची असो की बंगळुरूची, तिला नगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात उत्तर द्यावं लागतं. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील केलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची. जानेवारी २०२५पासून ‘ई-जागृती’ पोर्टल सुरू झालंय, तक्रार तिथून ऑनलाइन टाकता येते आणि अर्ज करून व्हिडिओवरून सुनावणीही मागता येते. जामखेडहून प्रत्येक तारखेला पाऊणशे किलोमीटर यायलाच हवं असं राहिलेलं नाही.

तीन, दुरुस्तीचा हक्क. २४ डिसेंबर २०२२ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्रानं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची, पार्टची, वॉरंटीची माहिती एका जागी द्यावी हा हेतू. पुढं फोनला ‘दुरुस्त करायला किती सोपा’ याचे गुण देण्यासाठी समिती नेमली गेली, तिनं मे २०२५मध्ये अहवाल दिला. फ्रान्समध्ये असे गुण २०२१पासून दाखवले जाऊ लागले. युरोपीय संघानं जून २०२५पासून कंपन्यांना विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे पार्ट उपलब्ध ठेवायची सक्ती केलीय. आपल्याकडं ती सक्ती आलेली नाही. आली तर गावातल्या दुकानातही अस्सल काच वाजवी दरात टाकून मिळेल. मग या सगळ्या प्रोटेक्शनची गरजच निम्मी होईल.

फुटलाच तर काय कराल?

• दुसऱ्याच्या फोनवरून लगेच फोटो आणि व्हिडिओ काढा. आयएमईआय नंबर दिसू द्या. तो खोक्यावर आणि बिलावरही असतो, म्हणून खोकं फेकू नका.

• प्रोटेक्शन असेल तर त्याच दिवशी कळवा. बऱ्याच योजनांत कळवायची मुदत एक-दोन दिवसांचीच असते. फोनवर बोललात तरी ईमेल टाका. बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं राहतं.

• क्लेमचा निर्णय येईपर्यंत बाहेर फोन उघडू नका. सेंटरला टाकला तर तारीख आणि नुकसानीचं वर्णन असलेली पोच घ्या.

• क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, योजनेतल्या कोणत्या अटीनुसार तेही विचारा. या एका प्रश्नानं पुष्कळ नकार ढिले पडतात.

• हप्ता भरत राहा. भांडण एका करारात, शिक्षा दुसऱ्या करारात नको.

• तरी दाद नाही मिळाली तर आधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. विमा पॉलिसी असेल तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर पुण्याचे विमा लोकपाल. कर्जाची तक्रार असेल तर तशीच तीस दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडं. दोन्हीकडं फी नाही. आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग.

यातलं काहीच करायची वेळ येऊ नये, म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय फोन घेतानाचा. काउंटरवर रॅम, कॅमेरा, मेगापिक्सेल सगळं विचारून झालं की एक प्रश्न आणखी विचारा. ‘हा पडून फुटला, तर भरून कोण देणार आणि तसं लिहिलंय कुठं?’

विक्रेता हसेल. मागं रांगेत उभा असलेला वैतागेल. टॅबवाला मुलगा म्हणेल, सगळं कव्हर होतं सर. त्याला म्हणा, ती ओळ दाखव. ओळ सापडली तर बोटानं नीट वाचा. नाही सापडली तर प्रोटेक्शनचे ते बाराशे रुपये खिशात ठेवा आणि त्यातल्या दोनशेचं चांगलं कव्हर घ्या.

शेजारी पप्पा उभे असतील, पेन हातात घेऊन. सही त्यांची होणार आहे. ती ओळ त्यांनाही वाचून दाखवा.